पूर्ण भार आणि पाच बाजा कुरडया

मे महिन्यातला तिसरा मंगळवार. स्थळ: कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला असलेलं आमचं वीजघर. हजर: मी, म्हणजे स्टोअर, कार्यालय आणि चहाची किटली अशा तिन्ही खात्यांची प्रमुख, हवालदार, म्हणजे सैन्यातून निवृत्त होऊन आलेले आमचे इंजिनचालक, फिटर, वीजघराची मालकी असलेल्या कारखानदार संघाचे अध्यक्ष, आणि चाचणी घ्यायला आलेले वीज कंपनीचे अधिकारी. न बोलावता हजर: हवालदारांची बायको, त्यांच्या गल्लीतल्या चारजणी, पाच बाजा आणि त्यांवर अर्धवट वाळलेल्या कुरडया.

आमचं वीजघर म्हणजे काही कोयना नव्हे. पत्र्याच्या उंच शेडमध्ये दोन इंजिनं, मागे एक चिमणी, बाजूला तेलाच्या टाक्या आणि पुढे माझं कार्यालय, एवढाच पसारा. संध्याकाळ झाली की घराघरांत दिवे, पंखे, एसी एकदम लागतात, कारखान्यांची दुसरी पाळी चालू असते आणि विजेची ओढ वाढते. अशा वेळी आम्हाला वीज कंपनीचा फोन येतो. आम्ही इंजिनं सुरू करतो, दोन-चार तास वीज देतो, पुन्हा फोन आला की बंद करतो. कित्येक दिवस तो फोन येतच नाही. म्हणजे आमचं मुख्य काम वाट बघण्याचं. अग्निशमन दलासारखंच, फक्त ते आग विझवायला बसलेले असतात आणि आम्ही पेटवायला.

वाट बघणं हे काम नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडे आठवडाभर येऊन बसावं. इंजिनं जाड काळ्या तेलावर चालतात. हे तेल थंड झालं की काकवीसारखं होतं, नळीतून पुढे सरकतच नाही. म्हणून ते कायम गरम ठेवायचं. इंजिन सुरू करायचं ते डिझेलवर, ते नीट तापलं की काळ्या तेलावर न्यायचं, आणि बंद करण्याआधी आठवणीने परत डिझेलवर आणायचं, नाहीतर नळ्यांत काकवी बसते. हवालदार नव्या माणसाला हे एका वाक्यात शिकवतात: आधी नाश्ता, मग जेवण, झोपताना परत हलकं. मला पाठ झालेलं हे पहिलं यंत्रशास्त्र.

उरलेल्या वेळात मी याद्या करते. माझ्या घरी फ्रिजवर यादी असते, स्कूटीच्या डिकीत यादी असते, आणि एकदा माझ्या नवऱ्याने वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं तेव्हाही मी यादीच दिली होती. वीजघरात याद्यांना सुगी आहे. त्यातली एक यादी मात्र कार्यालयीन नव्हती. ती होती गरम वाऱ्याची.

इंजिन चाललं की त्याचं पाणी तापतं. ते थंड करायला भिंतीशी मोठे रेडिएटर आहेत, त्यांच्यामागे पंखे. पंखे रेडिएटरमधली उष्णता बाहेर फेकतात आणि शेडच्या पूर्वेच्या अंगाला कोरड्या, गरम, स्वच्छ वाऱ्याचा झोत येतो. धूर मागच्या चिमणीतून वर जातो, त्याचा या वाऱ्याशी संबंध नाही. हा वारा पहिल्यांदा हेरला तो वहिनींनी. वहिनी म्हणजे हवालदारांची बायको. त्या एकदा नवऱ्याचा डबा घेऊन आल्या आणि भिंतीजवळून जाताना थांबल्या. पदर सावरत म्हणाल्या, "ताई, ह्यो वारा फुकट जातोय की वं."

मे महिन्यात आमच्याकडे ऊन कमी नसतं. पण दुपार कलली की वळवाचे ढग जमतात, आणि सकाळी घातलेलं वाळवण अर्धं ओलं घरात घ्यावं लागतं. तेच वाळवण संध्याकाळी आमच्या भिंतीपुढे आणलं की रात्री जेवणाच्या आत खडखडीत. इंजिनं नेमकी संध्याकाळीच चालतात, हा योग वहिनींनी जुळवला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्या गल्लीला बातमी झाली. मग भांडणं नकोत म्हणून मी पाळ्या लावून दिल्या आणि मोबाईलवर एक ग्रुप केला. फोन आला की मी ग्रुपवर एक शब्द टाकायची: "वारा." पाच मिनिटांत बाजा यायला सुरुवात. अध्यक्षांना हे माहीत होतं. त्यांच्या घरचे मुगाचे सांडगे याच वाऱ्यावर वाळत असल्यामुळे ते माहीत नसल्यासारखं वागायचे.

आता चाचणीबद्दल. वीजघराचा करार संपत आला होता. नव्या करारासाठी अट अशी होती की फोन आल्यापासून पंधरा मिनिटांत दोन्ही इंजिनं चालू व्हायला हवीत आणि मग सलग एक तास पूर्ण भार वाहायला हवा. मध्ये भार उतरला किंवा इंजिन बंद पडलं की नापास. पास झालो तर पुढची तीन वर्षं काम चालू. नापास झालो तर शेडला कुलूप, कारण हल्ली दिवसा सौर वीज भरपूर असते आणि आमच्यासारखी जुनी इंजिनं कुणाला फारशी हवी नसतात.

मला स्वतःला फार धास्ती नव्हती. मी विश्रामबागेत राहते, आणि याद्या करणाऱ्या बाईला सांगलीत कुठेही काम मिळतं. फिटरला तर वसाहतीतले तीन कारखाने आजही पळवून नेतील. प्रश्न होता हवालदारांचा. ते मूळचे वडूजकडचे. सैन्यातून आल्यावर त्यांनी पुण्यात एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर वर्षभर काढलं होतं. त्या वर्षाबद्दल ते एवढंच सांगायचे की तिथे गाड्यांचे नंबर लिहायचो. इथे इंजिनावर नेमणूक झाली आणि कुपवाडात भाड्याने घर घेऊन त्यांनी बायको-मुलीला आणलं. मुलगी विश्रामबागच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वीजघर बंद झालं असतं तर पुण्याचं फाटक पुन्हा त्यांची वाट बघत होतं. तिथल्या मुकादमाचा फोनही येऊन गेला होता.

त्यांनी मला ते चहा पिताना सांगितलं, अगदी साध्या आवाजात. "नोकरीभर ती तिकडं आनि मी हिकडं, मॅडम. लेकीचं बालपन फोटोत बघितलं. आता कुटं एका छपराखाली जेवतोय."

मी लगेच कागद घेतला. अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही. चाचणीची तयारी, असा मथळा लिहून आम्ही दोघांनी मुद्दे काढले. गाळण्या बदलणे. बॅटऱ्या तपासणे. तेलाचा हीटर बघणे. दोन्ही इंजिनं तासभर पूर्ण भारावर चालवून पाहणे. सफाई. रंग.

रंगाचा मुद्दा हवालदारांचा. सैन्यात तपासणी म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं, आणि तिथला नियम ते कौतुकाने सांगायचे: जे हलतं त्याला सलाम ठोकायचा, जे हलत नाही त्याला रंग द्यायचा. इंजिनं चालवून पाहिली. उत्तम चालली. फिटरने तर हात जोडले. मग इंजिनं बंद करून हवालदारांनी रंगाचे डबे उघडले. शेडचे खांब, कठडे, टाक्यांचे जिने, पाण्याच्या नळ्या, माझ्या कार्यालयाची खिडकी, सगळं चकचकीत झालं. वाटेच्या कडेच्या विटांना गेरू आणि चुना, एक लाल एक पांढरी. फिटर म्हणाला की तो जेवायला बसला असता तर त्यालाही एक हात मिळाला असता. रंग ओला म्हणून पुढचे दोन दिवस इंजिनं पुन्हा चालवली नाहीत. मधेच एक वळीव होऊन हवा गार झाल्याने फोनही आला नाही. मी यादीतल्या सगळ्या मुद्द्यांपुढे खूण केली आणि फार समाधानाने घरी गेले.

चाचणी सोमवारी होती. त्यामुळे हवालदारांनी गल्लीत जाऊन जाहीर केलं होतं की सोमवारी एकही बाज दिसता कामा नये. मीही ग्रुपवर तसं टाकलं. बायका म्हणाल्या ठीक आहे, आम्ही मंगळवारी करतो. आणि सोमवारी दुपारी निरोप आला की अधिकाऱ्यांना दुसरं काम निघालं आहे, ते उद्या येतील.

ज्यांनी कुरडया केल्या नाहीत त्यांना यातली अडचण कळणार नाही. गहू तीन दिवस भिजत घालावे लागतात. मग वाटून, पिळून त्याचा चीक काढायचा, तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्याने पाडायचा. एकदा गहू भिजले की तारीख बदलत नाही. थांबलात तर चीक आंबतो. पाच घरांचे गहू शनिवारीच भिजत पडलेले होते.

मंगळवारी सकाळी बायकांनी कुरडया घातल्या. तीनच्या सुमारास मिरजेच्या बाजूला ढग काळे व्हायला लागले. चारच्या सुमारास वहिनी, त्यांच्या मागे चारजणी आणि डोक्यांवर पाच बाजा, अशी मिरवणूक वीजघराच्या फाटकाशी आली. अधिकारी अजून यायचे होते. हवालदार इस्त्रीच्या कपड्यांत फाटकात उभे होते.

ते म्हणाले, "सांगितलं हुतं ना, तपासनीच्या दिवशी कुनी यायचं न्हाई."

"तुमी सोमवारी न्हाई म्हनला हुता. आज मंगळवार हाय," वहिनी म्हणाल्या.

"तपासनी आज हाय."

"आवं, ती तारीख सायबानं बदलली. गव्हाला कुनी कळवलं?"

"ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

"बरं. मग आंबलेल्या कुरडया पन तुमीच खायच्या. वरीसभर. तीबी ऑर्डरच."

मागच्या चारजणींनी बाजा खाली ठेवल्या. डोक्यावर बाज घेऊन वाद ऐकणं जड जातं. हवालदार माझ्याकडे बघू लागले, मी आभाळाकडे. अध्यक्ष आपल्या गाडीतून उतरत होते. त्यांनी बाजा पाहिल्या, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की जे काय ठरवायचं ते लवकर ठरवा, रस्त्यावर हे आणखी वाईट दिसतंय. शेवटी मी तोडगा काढला. बाजा शेडच्या पूर्वेला, भिंतीच्या अगदी कडेला लावायच्या. बायकांनी तिथल्याच चिंचेखाली बसायचं. अधिकारी समोरच्या दाराने येतील, इंजिनं बघतील, यंत्रांचे आकडे बघतील, सही करून जातील. पूर्वेकडे कोण कशाला जातंय?

अधिकारी गाडीतून उतरले आणि पहिल्यांदा पूर्वेकडेच गेले. त्यांना गाडी सावलीत लावायची होती आणि सावली तिकडेच होती.

ते सडपातळ, अबोल गृहस्थ होते. साताऱ्याकडचे. पाच बाजांसमोर ते थांबले. मग मला विचारलं, "हे काय आहे?"

"वाळवण," मी म्हणाले.

"ते दिसतंय. इथे का?"

मी खरं ते सांगितलं. खोटं बोलायला वेगळी तयारी लागते, तेवढा वेळ नव्हता. त्यांनी काही लिहिलं नाही, मान हलवली आणि आत गेले. हवालदारांचा चेहरा गेरूसारखा झाला होता.

फोन सहाच्या आसपास आला. ढग तोवर मिरजेवरच अडून होते. त्यानंतरचं सगळं हवालदारांच्या हातात होतं आणि ते बघण्यासारखं होतं. एरवी मुलीच्या अभ्यासापासून दोडक्याच्या भाजीपर्यंत सगळ्याची काळजी करणारा हा माणूस इंजिनापुढे उभा राहिला की अगदी निवांत होतो. पहिलं इंजिन दणक्यात सुरू झालं. दुसरं थोडं खोकलं आणि लागलं. पंधरा मिनिटं व्हायच्या कितीतरी आधी दोन्ही चालू होती. ती तापली तशी हवालदारांनी ती काळ्या तेलावर घेतली, भार चढवला, आणि अधिकाऱ्यांनी घड्याळ बघून तासाची सुरुवात लिहिली. अध्यक्षांनी गाडीतून आपला डबा आणला. ते सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. दोन इंजिनांच्या गदारोळात, माझ्या कार्यालयाच्या दारात उभ्याउभ्या ते भाकरी-आमटी जेवले. मीही यादीत पाहिलं. सगळं ठरल्याप्रमाणे.

अर्धा तास झाला असेल. फिटर पाण्याच्या उष्णतेच्या काट्यासमोर उभा होता. त्याने मला बोलावलं नाही, नुसती मान वळवली. काटा रोजच्या जागेच्या बराच पुढे गेला होता. तबकडीवर शेवटी एक लाल रेघ आहे. काटा तिथे पोचला की इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडतं. बंद पडलं की नापास. हवालदार आले, त्यांनी काचेवर बोट आपटलं. मग पंप पाहिले. चालू. पंख्यांचा आवाज ऐकला. चालू. पाण्याची टाकी भरलेली. काटा सावकाश पुढे जात राहिला. दुसऱ्या इंजिनाचा काटाही त्याच्या मागोमाग निघाला.

फिटर म्हणाला की भार थोडा उतरवावा. तो उतरवला तर इंजिन वाचलं असतं आणि चाचणी गेली असती. हवालदारांचा हात भाराच्या चाकावर जाऊन थांबला. अधिकारी पलीकडे खुर्चीत बसून सगळं बघत होते.

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर थाप पडली. बाहेर वहिनी. हवालदारांनी हातानेच जा म्हणून खूण केली. त्या गेल्या नाहीत. पुन्हा थाप. शेवटी मीच दार उघडलं, कारण इंजिनांच्या आवाजात त्या काय म्हणतायत ते कळत नव्हतं.

त्या माझ्या डोक्यावरून नवऱ्यालाच ओरडून म्हणाल्या, "आवं, वारा कुटं हाय? कवापासनं बसलोय. कुरडई हलंना सुदिक."

"अगं, हितं काय चाललंय आनि तुला कुरड्या..." एवढं म्हणून हवालदार थांबले. त्यांनी काट्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग ते धावत सुटले, आणि त्यांच्या मागे मी.

पूर्वेच्या भिंतीत, पंख्यांच्या तोंडाशी, पत्र्याच्या आडव्या झडपा आहेत. पंखे चालू झाले की वाऱ्याच्या जोराने त्या आपोआप उचलल्या जातात, पंखे थांबले की खाली पडतात. पारवे आणि धूळ आत जाऊ नये म्हणून ही सोय. त्या दिवशी त्या सगळ्या खाली होत्या. हिरव्यागार, चकचकीत, कडेपासून कडेपर्यंत रंगाने एकमेकींना चिकटलेल्या. आतून पंखे ढकलत होते आणि झडपा नुसत्या थरथरत होत्या. रंगवताना इंजिनं बंद होती. म्हणजे झडपा हलत नव्हत्या. म्हणजे नियमाप्रमाणे त्यांना रंग मिळाला होता, आणि सैनिकी मापाने, दोन हात.

हवालदार झडपांकडे बघत एकच वाक्य बोलले. "मीच रंगवल्या की."

पातळ पात्याचं काहीतरी हवं होतं. स्टोअरमध्ये होतं, पण स्टोअर शेडच्या पलीकडच्या टोकाला, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स कार्यालयात. मी वळलेही. तोवर वहिनींनी कमरेला खोचलेलं उलथनं काढलं होतं. अर्ध्या वाळलेल्या कुरडया कापडावरून सुटत नाहीत, म्हणून त्या सोडवायला प्रत्येकीने घरून एकेक उलथनं आणलेलं होतं. वहिनींनी ते पहिल्या झडपेच्या फटीत घातलं आणि कडेने ओढलं, थालीपीठ तव्यावरून सोडवावं तसं. झडप खाडकन वर उडाली. गरम वारा आणि हिरव्या रंगाच्या खपल्या एकदम बाहेर आल्या.

मग कुणी कुणाला काही सांगितलं नाही. खालच्या झडपा बायकांनी घेतल्या. वरच्यांपर्यंत हात पोचेना, तेव्हा एक बाज रिकामी करून भिंतीला लावली. हवालदार तिच्यावर चढले, आणि अध्यक्षांनी, ज्यांना मी कधी खुर्चीसुद्धा सरकवताना पाहिलं नव्हतं, बाज दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी उलथनी वर द्यायचं आणि कुठली झडप राहिली ते सांगायचं काम केलं. ज्याला जे जमतं ते त्याने करावं. बाज रिकामी करायच्या घाईत वहिनींच्या कुरडया मातीत गेल्या. त्यांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या झडपेकडे वळल्या.

शेवटची झडप उघडली तेव्हा भिंतीपुढे नेहमीचा वारा सुटला होता, पदर उडत होते आणि आमच्या सगळ्यांच्या केसांत हिरवे ठिपके होते. मी मागे वळले. अधिकारी चिंचेखाली उभे होते, हातात उघडं पेन. ते तिथे कधी आले होते ते कुणालाच माहीत नव्हतं.

आत फिटरने सांगितलं की काटा लाल रेघेच्या अगदी तोंडाशी गेला होता आणि आता परत फिरतोय. भार एकदाही उतरला नव्हता. उरलेला वेळ आम्ही सगळे त्या काट्याकडे बघत उभे राहिलो. तास संपल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं तेव्हा हवालदारांनी आधी इंजिनं शांतपणे डिझेलवर आणली, नळ्या स्वच्छ होऊ दिल्या आणि मगच बंद केली. झोपताना हलकं.

इंजिनांचा आवाज थांबला. हवालदार अधिकाऱ्यांसमोर जाऊन ताठ उभे राहिले. म्हणाले की चूक माझी आहे, साहेब, रंग मी दिला. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा, वीजघराच्या नको. वहिनी दारात होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. त्याच्यावरही हिरवा ठिपका होता. ते म्हणाले, "भार उतरू नये, इंजिन बंद पडू नये, असं नियमात आहे. दोन्ही झालेलं नाही. उलथन्याबद्दल नियमात काहीच नाही."

त्यांनी सही केली. अध्यक्षांनी त्यांचा हात इतका वेळ हलवला की शेवटी तो त्यांना सोडवून घ्यावा लागला. हवालदारांनी सलाम ठोकला. मग बाहेर जाऊन चिंचेच्या बुंध्याला पाठ टेकून उभे राहिले. वहिनी त्यांच्याजवळ गेल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, पण परत येताना दोघांचं भांडण चालू होतं, म्हणजे सगळं ठीक होतं.

बायकांनी घरून पातेलंभर चीक आणवला. कुरडया करताना थोडा चीक मागे ठेवायचा असतो, घरातल्यांना खायला. गरम चीक, त्यावर कच्चं तेल आणि तिखट. अधिकारी आधी नको म्हणाले, त्यांना बाहेरचं चालत नाही. मग एक वाटी घेतली. मग दुसरी, दूध-साखर घालून. अध्यक्ष मात्र हात मागे बांधून बसले होते. सूर्य मावळून गेला होता. उद्या दुपारसाठी थोडा राखून ठेवाल का, असं त्यांनी वहिनींना फार नम्रपणे विचारलं. वहिनी म्हणाल्या, "ठेवते की अण्णा. बाज धरल्याली हाय तुमी."

हिरव्या खपल्या पडलेल्या कुरडया वेगळ्या काढल्या. त्या कोणाच्या वाट्याला, यावर गल्लीचा निकाल एकमुखी होता, आणि हवालदारांनी तो हसत मान्य केला. फिटरने मधे पडून त्या गुपचूप टाकून दिल्या. रंग पोटात गेलेला चांगला नव्हे.

करार झाला. हवालदारांची मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याच्या मुकादमाला त्यांनी स्वतः फोन करून येत नाही म्हणून कळवलं. तो फोन त्यांनी माझ्यासमोर, स्पीकरवर लावून केला. झडपांच्या कडा फिटरने पॉलिशपेपरने घासून मोकळ्या केल्या, आणि आता माझ्या यादीत रंगाच्या मुद्द्यानंतर इंजिनं पुन्हा चालवून पाहण्याचा मुद्दा असतो.

एवढं सगळं झालं, पण अधिकाऱ्यांनी सहीच्या वर एक शेरा लिहिला होता. रेडिएटरसमोर बाहेरच्या व्यक्ती येऊ नयेत म्हणून जाळीचं कुंपण घालावं. तो शेरा बरोबरच आहे. चालू पंख्यांसमोर बायकांनी हात घालणं ही काही पद्धत नव्हे, हे मलाही कळतं. मी जाळी मागवली. वसाहतीतल्याच एका कारखान्यातून खांब आणले. मग कुंपण नेमकं कुठे घालायचं, हे ठरवायला सगळे पूर्वेच्या भिंतीशी जमलो.

हवालदार म्हणाले, भिंतीपासून वीस पावलं. वहिनी म्हणाल्या, तिथवर वारा पोचत नाही, पदर लावून बघा. लावून बघितला. पोचत नाही. फिटरने सुचवलं की जाळीतून वारा जातोच, तेव्हा कुंपण जवळ घालून बाजा जाळीच्या बाहेर लावाव्यात. पण मग कुंपण झडपांच्या तोंडाशी येतं आणि झडपा साफ करायला फिटरला स्वतःलाच जागा उरत नाही. अध्यक्षांनी एक मधली रेघ सुचवली. मी ती चुन्याने आखली. दोन दिवसांनी वळीव आला आणि रेघ गेली. पुन्हा आखली, तेव्हा कुणीतरी म्हणालं की आता कशाला, उन्हाळा संपत आला, दसऱ्यानंतर बघू. दसऱ्यानंतर रेडिएटरच्या दुरुस्तीसाठी तीच जागा लागली.

खांब चिंचेखाली आडवे आहेत. जाळीचा गुंडाळा स्टोअरच्या भिंतीला उभा आहे. खड्ड्यांच्या जागा ठरायच्या आहेत, खड्डे घ्यायचे आहेत, आणि काल वहिनींनी विचारलं की फाटक ठेवणार असाल तर ते बाज जाईल एवढं रुंद ठेवाल ना. बाजेचं माप घ्यायचं आहे.